तांबड्या पिंपांच्या आत

९ जानेवारी

नदी आज जांभळी! काल हिरवी होती. परवा कसलीच नव्हती, म्हणजे पाण्यासारखी. पलीकडच्या रंगाच्या कारखान्यात काय शिजतंय ते त्यांच्या मॅनेजरच्या आधी मला कळतं. जांभळ्या पाण्यात दोन पांढरी बदकं — फोटो काढला. उद्या तीही जांभळी निघाली तर मला नवल वाटणार नाही.

फोन मुलाचा जुना. काच तडकलेली. देताना म्हणाला, "आई, गुडघा बरा होईपर्यंत जिने उतरायचे नाहीत. गॅलरीत बस, नदीचे फोटो काढ. माझी बोट पण दिसेल तुला." सूनबाई म्हणाली, "त्यापेक्षा विणकाम करा." विणकाम! ह्यांना एकच स्वेटर विणला होता आयुष्यात. एक बाही मनगटापर्यंत, दुसरी गुडघ्यापर्यंत. बिचारे घालून फिरले सगळीकडे. जाईपर्यंत तक्रार नाही.

फोटोच बरे.

१० जानेवारी

शेजारच्या खोलीतला फोटोवाला फोटो बघून हसला. "आजी, भूकंप झाला होता का?" म्हटलं, माझ्या हाताला तुझ्यासारखा पगार नाही, तो हलणारच. मग त्यानेच युक्ती सांगितली. गॅलरीच्या कोपऱ्यात दोन सळ्यांच्या मधे फोन उभा अडकवायचा, खाली फडक्याची घडी. आता हलेल म्हणताय तर हलत नाही. सळईला खूण केली — सुनेच्या नेलपॉलिशने, न विचारता.

आणि चौकट माझी मी ठरवली. लहानपणी आबा कुंपणाचे डांब रोवायचे तेव्हा मला पहिल्या डांबामागे उभी करायचे. एक डोळा मिटायचा. पुढचा डांब मागच्या सगळ्यांना झाकतो का? झाकतो — तर ओळ सरळ. एकही बाहेर डोकावला तर ओरडायचं, "वाकडाऽऽ!" शाळेच्या चारच यत्ता झाल्या, पण या परीक्षेत मी कधी नापास झाले नाही.

तर नदीच्या मधे जुन्या पुलाचा एक दगडी खांब उरलाय. त्यावर दिव्याचा लोखंडी डांब, दिवा कधीच फुटलेला. त्याच्या बरोब्बर मागे, लांब पल्याड, रंगाच्या कारखान्याचं धुरांडं. मी फोन असा बसवलाय की डांबाच्या मागे धुरांडं पुरतं लपतं आणि धूर तेवढा वर निघतो. म्हणजे डांबच विडी ओढत उभा! रोज सकाळी पावणेसातला हाच फोटो काढायचा. डांब तोच, विडी तीच, मधलं काय बदलेल ते बदलेल.

१३ जानेवारी

आज एक आख्खं कपाट वाहत गेलं! दार उघडं, आत दोन हँगर. कुणाचं असेल? कपडे काढून कपाट टाकलं की कपाटासकट माणूसच —? दिवसभर तेच डोक्यात.

मुलाची रेतीची बोटही आली फोटोत, पण केवढी? मोहरीएवढी. त्या बोटीवर एक पंप आहे, त्याचा जाडजूड नळा तळाशी सोडतात आणि रेती वर ओढतात. चार माणसं, चालवणारा आमचा. मी त्याला कॅप्टन म्हणते, तो चिडतो.

संध्याकाळी चहाला म्हटलं, "कॅप्टन, तुझ्या फोटोवर माशी बसलीय बघ." त्याने निरखून बघितलं. "आई, माशी नाही, मी आहे तो." "मग माणसासारखा दिस की! जरा जवळ ये. आईला तोंड तरी दिसू दे."

म्हणाला, "तांबड्या पिंपांच्या आत यायला मनाई आहे. काठ ढासळू नये म्हणून ती पिंपं तरंगत ठेवलीत."

"पिंपं काय पोलीस आहेत? शिट्टी मारतात?"

सूनबाईच्या नाकातून चहा आला. तो पण हसला. पण म्हणाला, "नाही गं आई. नाही जमायचं."

१६ जानेवारी

बोट पिंपांच्या आत!! अगदी आत नाही, पण आत. मला हात केला. टोपी काढून हलवली सुद्धा. मी इतक्या उड्या मारत होते की गुडघ्याने संध्याकाळी हिशेब मागितला.

तो म्हणतो रेतीच्या कामावरच्या मुकादमाला विचारलं, तर तो खूषच झाला. "ये की, काठची रेती धुतल्यासारखी स्वच्छ असते, आणि ट्रक भरायचा धक्काही जवळ पडेल."

१९ जानेवारी

बोट पिंपांच्या आत. आमच्या इमारतीचा रखवालदार काठावरच्या सांडपाण्याच्या पाइपवर बसून दाढी करतोय, आरसा पायाच्या बोटांत धरलाय. अशी कसरत पैसे देऊन बघायला मिळायची नाही.

२३ जानेवारी

आज बोट थेट आमच्या इमारतीच्या कोपऱ्याखाली. इतकी जवळ की त्याच्या शर्टाचं तुटकं बटण दिसलं! वरून ओरडले, "बटऽऽण!" बोटीवरचे तिघे, काठावरचे धुणं धुणारे, रखवालदार — सगळे हसले. घरी येऊन म्हणाला, "आई, उद्यापासून मी परत लांब जातो." कसला जातोय! मुकादमाला आता इथलीच रेती हवी.

सूनबाईने बटण लावलं. निळ्या शर्टाला पांढरं. तोंडावर हसू दाबून. ही पोरगी माझ्याच वळणावर चाललीय.

३० जानेवारी

रोज आमच्या कोपऱ्याखाली. पंपाची घरघर सकाळी सहापासून. कपबशा फळीवर टिकटिक वाजतात. मला छान वाटतं — लेक खाली कामावर आहे म्हणून कळतं.

४ फेब्रुवारी

तळमजल्यावरच्या शिंप्याचं दार अडकतंय. कोपऱ्यातली खोली त्याची, पुढे मशीन मागे खाट. ह्यांचा मित्र, मला वहिनी म्हणतो. जिन्यातून विचारतो, "वहिनी, तुमचं दार लागतं का?" म्हटलं, भावजी, दार लहान झालेलं नाही, तुमचं पोट दारातून जाताना त्याला धक्का देतंय. तो हसला. मग रंधा आणून दाराची कड तासली.

बोट खालीच.

९ फेब्रुवारी

शिंप्याने पुन्हा दार तासलं. आता ते दार कमी आणि फळी जास्त दिसतंय. म्हणतो दोऱ्याचं रीळ खाली पडलं की आपोआप एकाच कोपऱ्यात जाऊन बसतं. म्हटलं, शहाणं आहे, तुमच्यापासून लांब पळतंय.

नदीवर फेस आज कमरेएवढा. एक कुत्रा त्यात शिरला आणि मेंढी होऊन बाहेर आला. फोटो!

१४ फेब्रुवारी

काहीतरी चुकतंय.

दुपारी बसल्या बसल्या जुने फोटो बघत होते. पहिला बघितला, मग आजचा. पहिल्यात डांब, मागे काही नाही, वर धूर. आजच्यात डांबाच्या उजव्या बाजूने धुरांडं डोकावतंय! एक बारीक काळी कड. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मधले सगळे एकामागून एक सरकवले — भराभर, पोरं पान उलटून चित्र पळवतात तसे. धुरांडं हळूच, हळूच बाहेर येतंय. लाजऱ्या नवरीसारखं.

फडकं बघितलं. घडी तशीच. खूण जागेवर. फोन तिथेच.

धुरांडं कलतंय. आणि त्याच्या खाली आमची सूनबाई रोज आठ तास रंगाचे डबे बंद करते!

१५ फेब्रुवारी

सकाळी तिला दारातच अडवलं. "आज जायचं नाही." ती म्हणे, "आई, आज काय नवीन चेष्टा?" फोटो दाखवले. पहिले दोन बघून हसत होती. सातव्याला हसायची थांबली. तरी गेली — पण जाऊन मुकाट्याने बसली नाही. आपल्या खात्यावर देखरेख करणाऱ्या बाईला सांगितलं, बाईने दुसऱ्या खात्यात, आणि अकरा वाजता भोंगा! साडेतीनशे माणसं रस्त्यावर, माना वर करून. मी गॅलरीतून फोटो काढला. सगळी मोहरीएवढी, पण तोंडं उघडीच असणार, जणू कुणी वरून औषध टाकणार आहे.

माझ्या एका डोळ्याने कारखाना बंद पाडला! भीती वाटतेय, आणि थोडी — कुणाला सांगू नये — ऐटही.

१६ फेब्रुवारी

नगरपालिकेचा इंजिनियर आला. डोक्यावर एक केस नाही. उन्हात नुसता चकाकतो. तिपाईवर दुर्बीण लावून चारही बाजूंनी धुरांडं मोजलं, दीड दिवसाचं काम दोन तासांत. आणि सगळ्यांसमोर सांगितलं: "धुरांडं सरळ आहे. सुईसारखं."

मेले मी!

१७ फेब्रुवारी

रखवालदार खालून ओरडतो, "आजी, माझी सायकल सरळ आहे का बघा जरा!" धुणंवाली म्हणते, "माझा नवरा पण एका बाजूला कलतो, त्याचा काढा फोटो." आयुष्यभर लोकांची टर उडवली, आता सगळी एकदम परत येतेय. येऊ दे. पण सूनबाईला तिच्या बाईने सगळ्यांपुढे झापलं. ती घरी येऊन भांडी जोरजोरात घासत बसली. आणि कॅप्टन म्हणाला, "आई, तुझा खेळ आता पुरे."

आज फोटो काढला नाही.

१८ फेब्रुवारी

रस्त्याच्या कडेला बसून लिहितेय.

सकाळी दारात कोण? टकलूसाहेब! एकटेच, हातात पिशवी. म्हणाले, "आजी, धुरांडं सरळ आहे ते खरं. पण तुमचे फोटोही खोटे दिसत नाहीत. मला झोप नाही. कुठून काढता ते दाखवा." मी म्हटलं, साहेब, झोप येत नसेल तर केस मोजायचे — मग त्यांच्या डोक्याकडे लक्ष गेलं आणि जीभ चावली. ते हसले, पण नुसतं तोंडाने.

गॅलरीत फोन जिथे अडकवते ती जागा दाखवली. आबांचे डांब, एक डोळा, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग पिशवीतून पाणसळ काढली — ती गवंड्यांची काचेची नळी असते, आत पाण्यात बुडबुडा. फरशीवर ठेवली. बुडबुडा मधे थांबायला हवा. तो सरकला तो सरकला आणि नळीच्या टोकाला जाऊन चिकटला.

ते खाली शिंप्याच्या खोलीत गेले. तिथेही ठेवली. वर आले तेव्हा चेहऱ्याचा रंग गेलेला.

"आजी, धुरांडं जागेवर आहे. डांब जागेवर आहे. तुमचा फोन सरकतोय. फोनबरोबर ही गॅलरी. तुम्ही." आणि मग हळू आवाजात, "उतरा. आत्ता. काही घेऊ नका."

मी सत्तर वर्षांची बाई. आबा मला पहिल्या डांबामागे उभी करायचे. पहिला डांबच हलतो का, हे कुणी कधी बघितलंच नाही!

चौदा घरं अर्ध्या तासात रस्त्यावर. मला फोटोवाल्याने पाठीवर घेतलं. माझ्या हातात फोन आणि ही वही. सूनबाई कारखान्यातून धावत आली. एका पायात चप्पल. मला धरून रस्त्यातच रडली. भांडी घासताना अडवलेलं सगळं तिथे निघालं.

१९ फेब्रुवारी

शाळेत आहोत. मुलांना सुट्टी दिलीय. आम्हाला चौथीचा वर्ग मिळालाय — साठ वर्षांनी परत चौथीतच! बाकावर झोपलं की पाय पाचवीत जातात.

शिंपी म्हणतो, "वहिनी, मशीन तेवढं काढून आणू का पळत जाऊन?" म्हटलं, भावजी, पाऊल टाकलंत तर तंगडी मोडीन. हसला नाही. मीही चेष्टा करत नव्हते.

२१ फेब्रुवारी

पडला. कोपरा पडला. सकाळी आठला.

मी रस्त्याच्या पलीकडे होते. आधी आवाज नाही. आधी शिंप्याची खिडकी लांबट झाली, मग माझी गॅलरी खाली बसली — बसली म्हणजे माणूस दमून बसतो तशी — आणि मग आवाज. धूळ. धुळीतून नदी दिसली. जिथे भिंत होती तिथे नदी!

माणूस एकही नाही गेला. एकही नाही. हे दोनदा लिहिते.

शिंपी तिथेच फुटपाथवर बसला. खिशातून टेप काढून हातावर गुंडाळत राहिला. सोडायचा, गुंडाळायचा.

फोटो काढला. का काढला माहीत नाही.

२४ फेब्रुवारी

टकलूसाहेबांनी कोपऱ्याखाली दोर सोडून पाणी मोजलं. जिथे पूर्वी धुणंवाल्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या तिथे आता तीन माणसं एकावर एक उभी राहतील. काठाच्या पायाखालची रेती गेलीय. कुणीतरी ओढून नेल्यासारखी, म्हणाले. "बोट पिंपांच्या आत आली असेल तरच असा खड्डा पडतो."

मी फोन पदराखाली घेतला.

२५ फेब्रुवारी

मीच बोलावली.

२६ फेब्रुवारी

काल एवढंच लिहून वही मिटली होती.

मुलगा येतो, बाकाच्या कडेला बसतो, चहा गार करतो, जातो. बोट बंद आहे. आज म्हणाला, "आई, फोन दे." दिला. सगळे फोटो बघितले. टोपी हलवतोय तो. बटणाचा. एकेक. परत दिला. म्हणाला, "तुझ्यामुळे नाही हं आई. मुकादमाने सांगितलं होतं मला. आधीच सांगितलं होतं."

खोटं बोलतोय. लहानपणीही खोटं बोलताना कानाची पाळी ओढायचा. मी वही काढून बघितली. तेरा तारखेला मी बोलले. त्याने नाही म्हटलं. मुकादमाचं नाव सोळाला येतं.

२८ फेब्रुवारी

शाळेत सगळ्यांची बैठक झाली. रेतीच्या ठेकेदाराचा माणूस आला होता, इस्त्रीचा शर्ट. मुकादम त्याच्या मागे. शर्टवाला म्हणाला, "आमची बोट एक दिवसही पिंपांच्या आत आलेली नाही. इमारतच कच्ची होती." फोटोवाला उठला. "आम्ही रोज बघत होतो की!" शर्टवाला म्हणतो, "कोणत्या तारखेला? कुठे लिहिलंय?"

टकलूसाहेबांनी नंतर समजावलं. बोटीने काठ खोदला हे ठरलं तर ठेकेदाराला चौदाही घरांना नव्या खोल्या बांधून द्याव्या लागतील, तसं त्याच्या करारातच आहे. इमारत कच्ची ठरली तर कुणालाच काही नाही. "नुसतं बघितलं म्हणून चालत नाही. तारीख लागते." मग माझ्याकडे वळले. "आजी, तुमच्या फोटोंत बोट दिसते ना?"

मी म्हटलं, उद्या बघून सांगते.

बाहेर मुकादम मुलाच्या खांद्यावर हात टाकून बोलत होता. जवळून गेले तेव्हा ऐकलं: "बोट तू चालवत होतास. मी तर काठावर होतो. आत जाशील तर तूच जाशील."

१ मार्च

पुसले.

बोट असलेले सगळे. बत्तीस. फोन दरवेळी विचारतो, नक्की का? माणसासारखं विचारतो मेला! बत्तीस वेळा हो म्हटलं. मग त्याच्या पोटात कचऱ्याची टोपली असते, तीही रिकामी केली. फोटोवाल्यानेच शिकवलं होतं, जागा होते म्हणून.

बटणाचा सगळ्यात शेवटी.

टकलूसाहेबांना सांगितलं, साहेब, म्हातारीचा हात, चुकून पुसले गेले. त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "बरं." एवढंच.

३ मार्च

फोटोवाल्याने फोन दोन तास खटपट करून बघितला. "आजी, असं कसं केलंत हो? टोपलीसकट?" चिडलाय. त्याची बायको सातव्या महिन्यात आहे, ती पहिलीच्या वर्गात बुटक्या बाकावर पाय वर करून बसते.

शिंपी मात्र म्हणाला, "असू दे रे. वय झालं की होतं असं. वहिनींनीच तर आपल्याला बाहेर काढलं." आणि मला म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

७ मार्च

मी आज कुणाची चेष्टा केली नाही. सूनबाईने कपाळाला हात लावून बघितला. "ताप आहे का, आई?"

१२ मार्च

शाळा पुढच्या सोमवारी सुरू व्हायची. जागा रिकामी करा म्हणून कागद आला. कागदावर ठेकेदाराची बोट कुठेच नाही. इमारत ‘मुळात कमकुवत’ असं लिहिलंय. मुळात! बत्तीस वर्षं राहिले मी तिथे. ह्यांचं आजारपण तिथे, मुलाचं लग्न तिथे. कधी कप हलला नव्हता.

शिंपी पुतण्याकडे जाणार. पुतण्याने सांगितलंय, जिन्याखाली खाट मावेल, मशीन मावणार नाही. मशीन नाहीच आता, तर तो प्रश्न सुटला म्हणाला. सांगताना हसला, माझ्याचसारखा विनोद केला. 

१४ मार्च

मुलगा आज वर्गाबाहेर पायरीवर बसून होता, मग उठून धुणंवालीला बादलीभर पाणी भरून दिलं. नंतर फोटोवाल्याच्या बायकोला बाक ओढून दिला. नंतर रखवालदाराची सायकल दुरुस्त केली. दिवसभर कुणाचं ना कुणाचं काहीतरी करत होता. कुणी आभार मानले की उठून दुसरीकडे जायचा.

सूनबाई म्हणते, "आई, हे बोलत नाहीत, झोपत नाहीत. असंच चाललं तर माझा नवरा उभ्याउभ्या वाळून जाईल." मला माहीत आहे, मी म्हटलं. तिने विचारलं, "तुम्हाला काय माहीत आहे?" मी फळा पुसायला उठले. फळ्यावर काहीच नव्हतं.

मी त्याला वाचवलं असं मला वाटत होतं.

१५ मार्च

टकलूसाहेब, उद्या सकाळी ही वही तुमच्या टेबलावर ठेवणार. पहिल्या पानापासून वाचा. बोट कोणत्या तारखेला कुठे होती, सगळं आहे. मुकादम काय म्हणाला ते आहे. फोटो चुकून गेलेले नाहीत, तेही आहे. बोलावली कुणी, ते तेरा जानेवारीला आहे — ते नीट वाचा, मुलाने आधी नाहीच म्हटलं होतं. तुमच्या डोक्याबद्दल दोन-तीन ठिकाणी लिहिलंय. खोडलं नाही. खोडलं तर उद्या शर्टवाला म्हणेल, बाकीचंही म्हातारीने बदललं असेल.

मुलाला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, आणि मग माझ्याच्याने झालं नसतं.